मशीन घेण्याआधी चष्मे मोजा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं भाषण)



चष्मा युनिटसाठी काचेच्या कडा घासायचं मशीन घ्यायचं, असं गेल्या सभेत जवळजवळ ठरलं होतं. कर्जाचा अर्जही भरून तयार आहे. सही करण्याआधी आपल्यातल्या चौघी माझ्यासोबत मुंबईला येऊन गेल्या. तिथं पाहिलं ते सांगते, मग तुम्ही ठरवा.

गिरगावातल्या एका जुन्या दुकानात काका हातानेच काच घासत होते. काच गोल येते, साधारण 65 ते 70 मिलिमीटरची. फिरत्या चाकावर पाणी सोडायचं आणि फ्रेमच्या आकाराप्रमाणे काच फिरवत घासायची. हे मशीन स्वस्त, पण हात बसायला वेळ लागतो. जास्त घासली गेली की काच वाया.

दादरला आणखी दोन प्रकार पाहिले. एकात फ्रेमच्या आकाराचा फर्मा लावतात, त्याबरहुकूम मशीन काच घासतं. दुसऱ्याला फर्मा लागत नाही, फ्रेमचा आकार ते स्वतःच मोजतं. काम झटपट होतं, पण किंमत मोठी आणि बिघडलं तर कारागीर बाहेरूनच बोलवावा लागतो.

कुठलंही मशीन घ्या, काचेचा मध्य बाहुलीसमोर आणायचं काम माणसाचंच. माझ्या आईच्या चष्म्यात तो सरकला होता. नंबर बरोबर, तरी दोन महिने तिचं डोकं दुखायचं. बिचारी समजायची, वय झालं! म्हणून नंबर तपासायचा लेन्सोमीटर आणि नीट शिकलेली बाई आधी, मशीन नंतर.

आता हिशेब. समजा, मशीन 3 लाखांचं आणि हप्ते 36. व्याज सोडूनच महिन्याला 8,333 रुपये. एका चष्म्यामागे 100 रुपये उरले, तर नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला 84 चष्मे हवेत. वीज, मजुरी वेगळीच.

आणि चाळिशीचा चष्मा? दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर तो तयार मिळतो, घासावा लागतच नाही. 2018 साली आसामच्या चहामळ्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे दिले, तर चष्मा न मिळालेल्यांपेक्षा त्यांचं काम सुमारे 22 टक्क्यांनी जास्त भरलं. आपल्याकडे शिवणकाम करणाऱ्या, तांदूळ निवडणाऱ्या बायका किती आहेत बघा.

माझं म्हणणं असं: सहा महिने तयार चष्मे विकू. डोळे मात्र आधी ग्रामीण रुग्णालयात तपासूनच. बाकीच्या काचा मुंबईहून बसवून आणू. प्रत्येक चष्मा रजिस्टरला लिहू. आकडा भरला तर फर्म्याचं मशीन घेऊ.

तेव्हा विक्रेत्याला हे विचारायचंच:
– पॉलिकार्बोनेटची काच घासता येते का? तिला वेगळं चाक लागतं.
– अर्ध्या फ्रेमच्या दोऱ्यासाठी खाच पाडता येते का?
– चाक बदलायला किती खर्च?
– बिघडलं तर माणूस किती दिवसांत येणार?
– आमच्या फ्रेमवर, आमच्यासमोर काच बसवून दाखवाल का?

घासलेल्या काचेचा गाळ पाण्यात साठतो. तो गाळून वेगळा करायचा, शेतात-गटारात सोडायचा नाही. आपल्याकडे वीज कमी-जास्त होते, तेव्हा स्टॅबिलायझरचा खर्चही धरा.

मावश्यांनो, हप्ता थकला तर बँक मशीनला विचारत नाही, आपल्याला विचारते. पुढच्या सभेला प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या चष्मा लागणाऱ्यांची यादी आणा. यादी बघूनच अर्जावर सही करू.