रक्तदाता श्वान

१४ नोव्हेंबर १६६६ रोजी लंडन येथे रॉयल सोसायटीच्या सभेपुढे एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात घालण्यात आले. रिचर्ड लोअर याने ऑक्सफर्ड येथे ही रीत आधीच सिद्ध केली होती. सॅम्युएल पेपिस याने ही हकीकत आपल्या रोजनिशीत नोंदविली आहे. ज्याला रक्त मिळाले तो कुत्रा तगला. ज्याने दिले तो जागीच मेला. त्याचे रक्त तो मरेपर्यंत वाहू दिले होते.

आज रक्त देणारा कुत्रा थोड्याच वेळात आपल्या पायांनी घरी जातो. हा फरक किती घ्यावे याच्या ज्ञानाने घडविला आहे.

निरोगी कुत्र्याच्या शरीरात दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ८५ मिलिलिटर रक्त असते. तीस किलोच्या कुत्र्यात ते अडीच लिटरच्या आसपास भरते. मानेतील मोठ्या शिरेतून त्यातले ४५० मिलिलिटर, म्हणजे सहाव्या हिश्श्याहून किंचित अधिक, काढून घेतात. शरीर ही उणीव तत्काळ ओळखते. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय आपली गती जुळवून घेते, आणि पेशींभोवतीचे पाणी रक्तात उतरू लागते. कुत्र्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. गरज पडताच ती आकसून हा साठा रक्तात सोडते. माणसाच्या प्लीहेत ही शक्ती फारच अल्प आहे.

एका दिवसाच्या सुमारास रक्ताचे आकारमान पूर्ववत होते. मात्र ते पातळ झालेले असते. प्राणवायूचा पुरवठा घटल्याचे मूत्रपिंडास जाणवते आणि ते एरिथ्रोपोएटिन नावाचे द्रव्य स्रवते. त्या इशाऱ्याने अस्थिमज्जा वेगाने कामास लागते. तीन-चार दिवसांत कोवळ्या तांबड्या पेशी रक्तात दिसू लागतात आणि काही आठवड्यांत हानी भरून निघते.

लोहाची भरपाई मात्र सावकाश होते. एका दानात सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते आणि ते अन्नातूनच परत मिळवावे लागते. वरचेवर रक्त घेतल्यास साठा आटतो, आणि कुत्रा वरून धडधाकट दिसत असतानाही मज्जेला कच्चा माल पुरत नाही. म्हणून दोन दानांमध्ये निदान दोन-तीन महिने जाऊ देतात. वजन, हिमोग्लोबिन व रक्तगट तपासतात. गोचिडांमुळे होणारे रोग नाहीत, याचीही खात्री करून घेतात.

चेन्नईच्या पशुवैद्यक महाविद्यालयात श्वानांची रक्तपेढी आहे. गोचीडतापाने वा अपघाताने रक्त गमावलेल्या कुत्र्यांना अशा पेढीचा आधार मिळतो.

मनुष्य रक्त देतो तेव्हा त्याची संमती असते. श्वानाला ती देता येत नाही. तो केवळ धन्याच्या शब्दावर स्वस्थ पडून राहतो. म्हणूनच त्याच्या शरीराची मर्यादा जाणणे आणि ती न ओलांडणे, हे त्याच्या विश्वासाचे ऋण आहे. १६६६ च्या त्या सभेत हे ऋण फेडले गेले नव्हते.