फुलीचा टाका आणि हातचे काम
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, हस्तकला प्रदर्शनाच्या प्रसंगी केलेले भाषण)



प्रदर्शनाचे उद्घाटन एखाद्या नामांकित कलावंताच्या हस्ते व्हावयास हवे होते. मंडळाने हे काम माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराकडे सोपविले, याचे कारण इतकेच असावे की मास्तरला बोलावयास सांगितले तर तो नाही म्हणत नाही. कारण काहीही असो, मी सकाळपासून येथील मेजांवरून तीन वेळा फिरलो आहे. मण्यांची तोरणे, क्रोशाचे रुमाल, बाळंतविड्यातील कुंच्या आणि दुपटी, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, सारे मनापासून पाहिले. परंतु ज्या मेजापाशी माझे पाय अधिक रेंगाळले ते दोसुतीवरील भरतकामाचे. आज त्याविषयीच बोलावे म्हणतो.

फुलीचा टाका, ज्याला आपल्या घरांतून सर्रास क्रॉस स्टिच म्हणतात, तो दिसावयास फार सोपा आहे. एका चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक तिरपा टाका, त्यावर दुसरा आडवा तिरपा, झाली फुली. गणिताच्या भाषेत बोलावयाचे तर चौकोनाचे दोन कर्ण. यात ना कुंचल्याची हातोटी लागते, ना चित्रकलेचे वरदान. लागते ती मोजणी. कापडावर काहीही छापलेले नसते. समोर आलेखाच्या कागदावर नमुना, आणि धागे मोजीत मोजीत तो कापडावर उतरवावयाचा. एक घर चुकले की दहा ओळींनंतर पोपटाची चोच त्याच्या डोळ्याशी जाऊन भिडते, आणि मग निमूटपणे उसवावे लागते.

एक लहानसा हिशेब सांगतो, सवय जात नाही. इंचाला चौदा घरे असलेले कापड घेतले आणि त्यावर दहा इंच लांब, दहा इंच रुंद असे चित्र पूर्ण भरावयाचे ठरविले, तर १४० गुणिले १४० म्हणजे १९,६०० फुल्या होतात. मिनिटाला पाच फुल्या धरल्या तर सुमारे ६५ तास. रोज संध्याकाळी एक तास दिला तर दोन महिन्यांहून अधिक. भिंतीवर टांगलेल्या त्या चौकटीकडे ‘छान आहे हो’ एवढे म्हणून पुढे जाणाऱ्या पाहुण्याने हा गुणाकार एकदा मनाशी करून पाहावा.

या टाक्याचे शिष्टाचारही आहेत. सर्व फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला झुकलेला असावा. नाहीतर उजेड पडला की काम खडबडीत दिसते. धागा हातभर घ्यावा, त्याहून लांब घेतला की तो झिजतो आणि गुंततो. सहा पदरी धाग्यातले दोन पदर वेगळे काढून बोथट टोकाच्या सुईत ओवावेत. गाठ मारू नये. धाग्याचे टोक मागल्या टाक्यांखाली दाबून टाकावे. जाणत्या बायका काम हातात घेतात ते प्रथम उलटे करून पाहतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया या बाबतीत परीक्षकांहून कडक होत्या. पाठ स्वच्छ नसेल तर पुढच्या मोराचे त्यांना काही कौतुक नसे.

हे काम विलायतेहून मिशनच्या आणि मुलींच्या शाळांतून आपल्याकडे आले, असे समजले जाते. नमुन्यांच्या पुस्तकांपुरते ते खरेही आहे. तेरेझ द दिल्मों या बाईंनी १८८६ साली भरतकामाचा जो कोश प्रसिद्ध केला, तो पुढे अनेक भाषांत गेला. आणि ज्या मुलूझच्या डीएमसी कारखान्याशी त्यांचा संबंध होता, त्याची सुरुवात तर १७४६ सालची. परंतु टाका आपल्याला परका मुळीच नव्हता. आपल्या आज्या ज्या इरकली लुगड्यांना जिवापाड जपत, त्यांवर धारवाडकडील स्त्रियांनी भरलेली कसुती आठवा. तुळशीवृंदावन, गोपुर, रथ, हत्ती, पालखी हे सारे केवळ धागे मोजून, कापडावर रेघही न ओढता भरलेले. कसुतीचे चार टाके आहेत: गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. पैकी गावंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, आणि मेंथी म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली फुलीच. मेथीच्या दाण्यावरून टाक्याला नाव देणारी बाई स्वयंपाकघरातूनच उठून भरावयास बसली असणार, असे मला नेहमी वाटते.

आता थोडे कटू बोलतो. जुन्या काळी हे काम आनंदाचेच होते, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. मुलगी पाहावयास आलेली मंडळी ‘भरतकाम येते का?’ असे विचारीत, आणि रुखवतात मांडलेल्या चौकटी मोजून सुनेची किंमत ठरे. ज्या मुलीला सुईची आवड नव्हती, तिच्यावर हा जुलूमच होता. ती प्रथा मागे पडली याचे मला दुःख नाही. परंतु आता रुखवतच बाजारातून भाड्याने येते आणि संध्याकाळी टेंपोत घालून परत जाते, याचेही कौतुक करवत नाही. सक्ती गेली हे उत्तम झाले. तिच्याबरोबर हात जावयाचे कारण नव्हते.

शिवाय हे काम बायकांचेच, हा समज कोठून आला कोण जाणे. जरीकाम करणारे, तंबू-कनाती शिवणारे, बाजारात यंत्रावर बसलेले कारागीर बहुतेक पुरुषच असतात. पैसे मिळाले की सुई मर्दानी होते! दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट सांगतो. मेजर अॅलेक्सिस कासडाग्ली हा ब्रिटिश अधिकारी १९४१ साली क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडला. कैदेत वेळ जाईना, तेव्हा त्याने एका विरलेल्या स्वेटरचे धागे उसवून त्या वर्षीच्या डिसेंबरात फुलीचे एक कापड भरले. वर साधी नक्षी आणि आपली हकिकत. पण भोवतालच्या किनारीत तारायंत्राच्या ठिपक्या-रेघांच्या लिपीत आपल्या राजाचा जयजयकार आणि हिटलरला एक सणसणीत शिवी. पहारेकऱ्यांनी ते काम कौतुकाने प्रदर्शनात मांडले, आणि कोणालाही ती किनार वाचता आली नाही. माझ्या वर्गातही कार्यानुभवाच्या तासाला ज्यांचे चित्त एका जागी ठरत नसे अशी मुले सुईदोरा हाती आला की मोजण्यात गढून जात. त्यांना गप्प बसा म्हणून सांगावे लागत नसे. मोजताना दुसरी चिंता मनात मावत नाही, हेच याचे खरे सुख आहे. भोवती घरातल्या गप्पा चाललेल्या असतात, कान तिकडे असतात, आणि ओठ मात्र ‘सात, आठ, नऊ’ पुटपुटत असतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे व्याख्यान लांबविले, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या घरातली एक पत्र्याची पेटी उघडली. आत दोसुतीचे सात-आठ तुकडे निघाले: राजहंसांची जोडी, कमळांची वेल, पाटावर घालावयाचा चौकोन. आत्या म्हणाल्या, हे थोरल्या काकूंचे. काकांचे म्हणणे, ते आजीच्या बहिणीचे. दोघांचा वाद तासभर चालला आणि निकाल काही लागला नाही, कारण एकाही तुकड्यावर नाव नव्हते. शेकडो तास बसून ज्या बाईने ते केले, ती आमच्याच घरात नाहीशी झाली होती. तळाशी एक अर्धवट पोपट होता, सुई तशीच टोचलेली. तिच्या गंजाचा डाग कापडावर उतरला होता.

याच्या उलट पाहा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक नावाच्या स्त्रीने भरलेला नमुन्यांचा एक तुकडा आहे. तिने त्यावर आपले नाव आणि १५९८ हे साल धाग्याने लिहिले, आणि अॅलिस ली ही मुलगी १५९६ च्या नोव्हेंबरात मंगळवारी दुपारी जन्मली हेही नोंदविले. ती बाई राणी नव्हती की सरदारीण नव्हती. चारशे वर्षांनंतर तिचे नाव मी या मांडवात उच्चारतो आहे, ते केवळ त्या दोन ओळींमुळे. आपल्या आज्यांना अक्षरे येत नव्हती असेही नाही; कित्येकींनी ‘सुस्वागतम्’ भरले, यजमानांचे नाव भरले, देवाचे भरले. स्वतःचे तेवढे राहिले.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. आज या मेजांवरील चिठ्ठ्यांवर ‘अमुक यांच्या घरचे’ असे लिहिले आहे, आणि ते अमुक बहुतेक ठिकाणी यजमान आहेत. पुढील वर्षापासून चिठ्ठीवर करणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि साल असावे. मुलगे व पुरुष यांनाही प्रवेश असावा. परीक्षकांनी प्रत्येक काम उलटे करूनही पाहावे. आणि ज्यांच्या घरी जुने तुकडे आहेत त्यांनी, सांगणारी माणसे आहेत तोवर, ते कोणी भरले हे विचारून मागल्या बाजूस एका पट्टीवर धाग्याने लिहून ठेवावे. शाई कापडाला नंतर खाते. मंडळाने त्याची एक नोंदवही घालावी. ती लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन, माझे अक्षर अजून वाचता येते.

तो अर्धवट पोपट माझ्या नातीने पुरा करावयास घेतला आहे. जुन्या हिरव्या रंगाशी जुळणारा धागा बाजारात मिळाला नाही, सुमारे ५०० छटांच्या रंगपत्रिकेतूनही नाही, कारण मूळ रंगच उतरला आहे. त्यामुळे मानेपाशी जुने कोठे संपले आणि नवे कोठे सुरू झाले, ते स्पष्ट दिसते. जुने उसवू का, असे तिने मला विचारले. मी तिला राहू दे म्हणालो. शेपटीच्या अजून चार ओळी बाकी आहेत. झाला की तो पुढील वर्षी या मेजावर येईल, चिठ्ठीवर एक नाव आणि एक मोकळी जागा घेऊन.