इंग्रजी शब्दांचे कूळ
(वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



आज ज्यांचा येथे सत्कार झाला, त्या मुलामुलींचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आमचे लक्ष या व्यासपीठापर्यंत न पोचलेल्या मुलांकडे लागले आहे. इतर विषयांत हुशार असूनही केवळ इंग्रजीच्या धास्तीने ज्यांचे शिक्षण थांबले, अशी मुले आपल्या ज्ञातीत थोडी नाहीत. आयुष्यभर अध्यापन केल्यावर आमची अशी खात्री झाली आहे की, या मुलांत बुद्धीची उणीव नसते. नुसत्या घोकंपट्टीमुळे ती भाषा त्यांना भयावह वाटते. दारी आलेल्या पाहुण्यास आपण नाव, गाव, कूळ विचारतो आणि मग तो परका राहत नाही. शब्दाचेही तसेच आहे.

‘मसल’ म्हणजे स्नायू, हे मुले पाठ करतात व विसरतात. परंतु हा शब्द लॅटिन भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘लहानसा उंदीर’ असा आहे. कातडीखाली हलणारा स्नायू रोमन लोकांना उंदरासारखा दिसला. आपल्या पूर्वजांना त्याच ठिकाणी बेडूक दिसला, म्हणून आपण दंडाची बेटकुळी म्हणतो! एवढे सांगितले की वर्गात हशा पिकतो आणि तो शब्द पुन्हा कोणी विसरत नाही.

‘सिली’ म्हणजे आज मूर्ख. परंतु एके काळी या शब्दाचा अर्थ सुखी, धन्य असा होता. उलट ‘नाइस’ हा आजचा गोड शब्द पूर्वी मूर्ख या अर्थी वापरीत. यात इंग्रजांस हसण्याचे कारण नाही. सम्राट अशोकाने मिरविलेली ‘देवानांप्रिय’ ही पदवी पुढे संस्कृतात मूर्खाला लावू लागले. शब्दांनाही माणसांप्रमाणे चढउतार भोगावे लागतात.

आता एक एकोणतीस अक्षरी इंग्रजी शब्द ऐका : ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’. घाबरू नका. यात चार लॅटिन शब्द एकापुढे एक जोडले आहेत. लोकरीचा पुंजका, क्षुल्लक वस्तू, काहीच नाही आणि केस, असे त्यांचे अर्थ. एखादी गोष्ट कवडीमोल ठरविणे, एवढाच त्या सबंध शब्दाचा आशय. हा शब्द हसण्यासाठी शिकावा. नोकरीच्या अर्जात घालू नये!

‘बॉयकॉट’ हे तर एका माणसाचे आडनाव. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा एका जमीनदाराचा कारभारी होता. खंड कमी करून मागणाऱ्या कुळांनी आणि गावकऱ्यांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. मजूर शेतावर जाईनात, दुकानदार माल देईनात. आपल्याकडे यालाच वाळीत टाकणे म्हणतात. परंतु भेद ध्यानी घ्यावा. तेथे दुबळ्यांनी बलवानाविरुद्ध हे शस्त्र उचलले. आपल्याकडे जातपंचायतींनी ते बहुधा आपल्यातल्याच दुबळ्यांवर चालविले. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने असा सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरला, हे योग्यच झाले. एका शब्दाच्या मागे गेले असता इतका इतिहास हाती लागतो.

शेवटी आपल्या घरचा एक शब्द. इंग्रजीतील ‘मंगूस’ हा आपल्या ‘मुंगूस’ शब्दावरूनच तिकडे गेला. ‘गूस’ म्हणजे हंसासारखा एक पक्षी. त्याचे अनेकवचन ‘गीस’. म्हणून मुले ‘मंगूस’चे ‘मंगीस’ करतात. तसे होत नाही; ‘मंगूसेस’ असेच होते, कारण त्या पक्ष्याशी याचे काही नाते नाही, हा आपल्या शेताच्या बांधावरचा प्राणी आहे. ज्या भाषेने आपले मुंगूस मानाने घरात घेतले, तिला आपल्या मुलांनी काय म्हणून भ्यावे?

या भाषेने बाहेरून आलेल्या शब्दास कूळ विचारले ते ओळखीसाठी, दार बंद करण्यासाठी नव्हे. तिची समृद्धी यातच आहे. आपल्या ज्ञातीनेही यातून काही घ्यावे, असे आम्हांस वाटते.

पालकांस आमची विनंती आहे की, मुलाचा उच्चार चुकला तर चारचौघांत हसू नये. शब्दाला हसावे, मुलाला नव्हे. कार्यकारी मंडळास सूचना अशी की, पुढील वर्षापासून पारितोषिकाबरोबर शब्दांची व्युत्पत्ती देणारा एक कोश द्यावा, आणि जे अनुत्तीर्ण झाले त्यांना तो आधी द्यावा. विद्यार्थ्यांनी रोज एकच शब्द त्याच्या कुळासह वहीत उतरवावा. वर्षाला तीनशे पासष्ट ओळखी काही थोड्या नव्हेत.