सामायिक संगणक आणि शेजारधर्म

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त केनवड येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या भाषणात गतकाळाचे गुणगान व्हावे अशी रीत आहे, आणि ते कार्य आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे पार पाडले आहे. आम्ही आपला थोडा वेळ एका अगदी साध्या, काहींस क्षुल्लकही वाटेल अशा विषयासाठी मागत आहोत. गावातील जे संगणक सर्वांच्या उपयोगाचे आहेत, मग ते ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातील असोत, शाळेतील असोत, की आमच्या वाचनालयाच्या खोलीतील असोत, त्यांचा वापर कोणत्या रीतीने व्हावा, हा तो विषय होय. यंत्राची माहिती सांगणे हे आमचे काम नव्हे. ती येथील आठवीतल्या मुलांस आमच्याहून अधिक आहे. परंतु त्या यंत्रापुढे एकामागून एक बसणाऱ्या माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, हे बोलण्याचा अधिकार आपण धर्मगुरूस नाकारणार नाही अशी आशा आहे.

पूर्वी मनुष्याचे कागद त्याच्या घरच्या पेटीत असत व पेटीची किल्ली घरधनिणीच्या कमरेस असे. आज सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला, बँकेचे खाते, पीक विम्याचा अर्ज, हे सर्व एका पडद्यावरून जाते. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले, त्यानंतरच्या काही वर्षांत कोणतेही सरकारी साहाय्य त्या बारा अंकांवाचून हाती पडेनासे झाले. आता विचार करा की, ज्याच्या घरी संगणक आहे तो आपले कागद आपल्या घरीच पाहतो. ज्याच्या घरी नाही, त्याचे कागद सामायिक संगणकावर येतात. म्हणजे ह्या यंत्राच्या पोटात जे काही पडून राहते ते बहुधा मजुराचे, अल्पभूधारकाचे, निराधार विधवेचे असते. तेथील बेपर्वाई ही गरिबाच्या पेटीचे कुलूप उघडे टाकण्यासारखी आहे, आणि ह्याच एका कारणासाठी आम्ही आज उभे राहिलो आहोत.

खेड्यातील सामायिक संगणक ही महाराष्ट्रास अगदी नवी गोष्ट नाही. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यात सत्तर गावांसाठी अशी योजना निघाली होती. तिच्याविषयी पुष्कळ मनोरथ रचले गेले, पण प्रत्यक्षात उसाची नोंद, वजन व बिल ह्यांसाठीच ती यंत्रे मुख्यत्वे वापरली गेली. पुढे २००६ च्या सुमारास काही गावांत त्यांच्या जागी साध्या मोबाइल फोनवरील संदेशाने तेच काम होऊ लागले. आम्हांस त्यात कमीपणा वाटत नाही. शेतकऱ्यास आपल्या उसाचे वजन कळले, हे थोडे नव्हे. ज्या कामासाठी माणसे पायपीट करून येतात, ते काम आधी, बाकीचे मागाहून.

आता नियमांकडे वळू. पहिला नियम असा की, उठताना मागे काही ठेवू नये. आधार पत्र उतरवून घेतले, त्याची प्रत छापली, आणि मनुष्य समाधानाने घरी गेला. परंतु पत्राची नक्कल यंत्रातील डाउनलोडच्या कप्प्यात तशीच राहिली. ती पुसावी, आणि पुसल्यावर कचरापेटीतूनही काढावी, कारण संगणकाच्या कचरापेटीतील वस्तू कोणीही पुन्हा उचलू शकतो. कोणी म्हणेल, त्या पत्रास तर परवलीचा शब्द असतो. असतो खरा, पण तो म्हणजे इंग्रजीत नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्माचे साल. शहरात ह्याने काही आडोसा होत असेल. आपल्या गावात कोणाचे नाव आणि वय कोणास ठाऊक नाही? मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर येथील कार्यालयाने असे सुचविले होते की, सार्वजनिक संगणकावर हे पत्र उतरवूच नये, आणि उतरविल्यास सर्व प्रती कायमच्या पुसाव्यात. ते पत्रक त्यातील दुसऱ्या एका मजकुराने गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत मागे घेण्यात आले. परंतु हा सल्ला आमच्या मते आजही सोळा आणे खरा आहे. तीच गोष्ट पासवर्डाची. यंत्र मोठ्या अदबीने विचारते, हा शब्द लक्षात ठेवू का? सामायिक यंत्रास ‘नको’ असेच उत्तर द्यावे, आणि काम संपताच खात्यातून बाहेर पडावे. नुसती खिडकी मिटली म्हणजे बाहेर पडलो असे होत नाही.

आणि समजा, आपल्या आधी बसलेला मनुष्य हे विसरला, व आपण बसताच त्याचे खाते समोर उघडे दिसले, तर काय करावे? शेजाऱ्याचे दार उघडे राहिले असता सज्जन मनुष्य जे करतो तेच. आत न डोकावता दार ओढून घ्यावे व त्यास सांगावे. गंमत म्हणून त्याच्या नावाने चार ओळी लिहून पाठविणे ह्यास मुले थट्टा म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ क त्यास थट्टा म्हणत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे.

अंगठ्याविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण आमच्या वृद्ध मंडळीचा व्यवहार अजूनही अंगठ्यावर चालतो. आधाराच्या जोरावर केवळ अंगठा टेकवून खात्यातून पैसे काढता येतात. सोय मोठी आहे. परंतु ‘अंगठा उमटला नाही, पुन्हा ठेवा’ असे कोणी म्हटले, तर पहिल्या वेळी काय झाले हे विचारावे, आणि प्रत्येक वेळी पावती मागावी. अंगठा नको तेव्हा आधारातच कुलूपबंद करून ठेवता येतो; ते कसे करावे हे घरातील शिकलेल्या मुलाने आजीस दाखवावे. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. पहिल्या काही तासांतच पैसे अडविण्याची आशा अधिक असते.

हे सारे झाले वापरणाऱ्याचे. चालविणाऱ्याचेही कर्तव्य आहे. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्र सरकारने एका रुपयात पीक विमा दिला. योजनेचा हेतू चांगला होता. प्रत्येक अर्जामागे केंद्रचालकास विमा कंपनीकडून चाळीस रुपये मिळत. मग दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवरही अर्ज भरल्याचे राज्यात उघडकीस आले, काही केंद्रांवर कारवाई झाली, आणि २०२५ च्या खरिपापासून तो एक रुपया जाऊन शेतकऱ्यास पुन्हा आपला हप्ता भरावा लागला. योजना बंद होण्यास खर्चाचा बोजा आदी इतर कारणेही होती, हे खरे. तथापि सामायिक यंत्रावर बसून एकाने केलेली लबाडी शंभर प्रामाणिकांच्या माथी कशी येते, हे सोयाबीन पेरणाऱ्या आपल्या भागास समजावून सांगण्याची गरज नाही.

लबाडी नसूनही केवळ घाईने होणारे नुकसान आणखी निराळे. नाव लिहिताना एक काना राहिला, वडिलांच्या नावात एक इंग्रजी अक्षर अधिक पडले, की आधारावरील मनुष्य निराळा व सातबाऱ्यावरील निराळा ठरतो, आणि किसान सन्मान निधीचे वर्षाचे सहा हजार रुपये अडकून बसतात. तो बिचारा रिसोडास खेटे घालतो, मजुरी बुडवितो, आणि चूक कोणाची हे त्यास शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने अर्ज धाडण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचून दाखवावे व समोरच्याची मान हलल्यावरच पुढे जावे. माणसाचे नाव नीट लिहिणे हा त्याचा पहिला मान आहे.

आता रांगेविषयी. संगणकास पाणवठ्याची उपमा देण्याचा मोह होतो. पण आपल्या देशात पाणवठ्याची आठवण निर्मळ नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले, आणि त्याबद्दल त्या लोकांस मार खावा लागला. ‘सर्वांसाठी’ अशी पाटी भिंतीवर लागली म्हणजे वस्तू सर्वांची होत नाही, हे महाराष्ट्राने तेथे पाहिले. निराधार योजनेच्या कामासाठी आलेली म्हातारी दाराशी उन्हात उभी आहे, आणि आत तरुण मंडळी क्रिकेटचा सामना पाहत आहेत. ती आत येताच कोणी ‘उद्या या’ म्हणतो. ह्या दोन शब्दांत जुने सर्व काही परत येते. अशा वेळी उठून जागा द्यावी. तिला वाचता येत नाही म्हणून तिच्याशी मोठ्या आवाजात बोलण्याचेही कारण नाही. तिचे आजार, तिची शिल्लक, तिच्या मुलाने पाठविलेले किंवा न पाठविलेले पैसे खोलीतील सर्वांस ऐकू जाऊ नयेत.

यंत्र कोठे ठेवावे, हाही नियमाचाच भाग आहे. सुगाता मित्र यांनी १९९९ साली दिल्लीतील कालकाजी येथे वस्तीलगतच्या भिंतीत एक संगणक बसवून मुलांस मोकळा सोडला; पुढे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही असे संगणक बसविले गेले. ते मुद्दाम उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडतील असे होते, आणि मुलांनी त्यांचा गैरवापर फारसा केला नाही. सायबर कॅफेसाठी २०११ मध्ये झालेल्या केंद्रीय नियमांतही आडपडदा साडेचार फुटांहून उंच नसावा, मोकळ्या जागेतील पडदे सर्वांस दिसतील असे असावेत, आणि वापरणाऱ्यांची नोंद वर्षभर जपावी, असे आहे. दरवाजा लावून घेतलेल्या खोलीत जे पाहावेसे वाटते ते बहुधा उघड्यावर पाहावेसे वाटत नाही, इतकेच आम्ही म्हणतो. कागदपत्रांच्या कामास मात्र एक कोपरा आडोशाचा हवा.

शेवटी, आपण येथून बाहेर जे पाठवितो त्याविषयी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे. त्यांस ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले गेले. ज्या घरावर ‘ग्रामपंचायत’ अशी अक्षरे असतात त्याच घरात. त्याआधी कित्येक दिवस मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या फोनाफोनांतून फिरत होत्या. पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकाही मनुष्याने हातात दगड घेतला नसेल; प्रत्येकाने केवळ बोट टेकविले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास आळा घातला. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. ती देताना साक्षीदाराने स्वतः पाहिले होते काय, हाच प्रश्न आहे. स्वतः पाहिले नाही, सांगणाऱ्याचे नाव ठाऊक नाही, तर तो संदेश आपल्यापाशीच राहू द्यावा.

मुलांवर आमचा राग आहे असे कोणी समजू नये. ज्या कार्लो अकुटिस या तरुणास ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले, तो संगणकात रमणारा मुलगा होता, आणि पंधराव्या वर्षी वारला तोपर्यंत त्याने स्वतः एक संकेतस्थळ रचले होते. खेळासाठी आठवड्यास एक तास, असा त्याचा नेम त्याचे चरित्रकार सांगतात. आम्ही इतके कठोर नाही. येथे रोज अर्धा तास मिळेल.

वाचनालयातील संगणकांपुरती व्यवस्था अशी ठरली आहे. सकाळी अर्ज व दाखले, दुपारी चारनंतर शाळेचा अभ्यास, सहाला खोली बंद. दाराशी एक वही असेल. तीत नाव व वेळ लिहावी, कामाचे कारण लिहू नये. विम्याच्या व शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत जवळ येईल त्या आठवड्यात खेळ पूर्ण बंद राहतील, आणि मोठ्या वर्गातील दोन मुले अर्ज भरून देण्यास बसतील. त्यांनी कोणाकडून चहासुद्धा घेऊ नये असे आम्ही त्यांस सांगितले आहे. तो आम्ही पाजू.