गणवेश उतरतो, कर्तव्य राखीव राहते



 संस्थेने आम्हा माजी सैनिकांना विषय दिला आहे तो 'कलर सर्व्हिस'मधून 'रिझर्व्ह'मध्ये जाण्याचा. विषय पलटणीतला दिसतो. पण तो प्रत्येक घराचा आहे, हे सांगण्याचा आमचा प्रयत्न राहील.

प्रथम शब्दांचा अर्थ. 'कलर' म्हणजे पलटणीचे निशाण. त्या निशाणाखाली जितकी वर्षे प्रत्यक्ष नोकरी होते ती कलर सर्व्हिस. ती संपली की जवान घरी येतो, पण त्याचे नाव काही काळ राखीव यादीत राहते. देशावर प्रसंग आला तर त्याला बुलावा येऊ शकतो. ही व्यवस्था जुनी आहे. इंग्रज सरकारने १८८८ साली रिझर्व्ह फौजेचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे भरतीच्या वेळीच दोन भागांचा करार होत असे. काही वर्षे कलर, उरलेली रिझर्व्ह, आणि दोन्ही मिळून पंधरा वर्षे भरली की रिझर्व्हिस्ट पेन्शन. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत अशा घरी गेलेल्या जवानांना परत बोलावण्यात आले. शेतातला नांगर सोडून, गिरणीतले साचे सोडून माणसे पुन्हा पलटणीत हजर झाली. १९७६ नंतर कलर सर्व्हिसची मुदत वाढली आणि रिझर्व्हची मुदत कमी झाली. पुढे साधारण सतरा वर्षे कलर आणि दोन वर्षे रिझर्व्ह अशी शिपायाची मुदत ठरली.

मित्रहो, कागदावर हा बदल एका ओळीचा असतो. माणसाच्या आयुष्यात मात्र तो फार मोठा असतो. काल ज्याला पहाटे पी.टी.साठी शिट्टी उठवीत होती, ज्याचे जेवण, कपडे, दवापाणी, रजा सर्व ठरलेले होते, तो आज गावच्या एस.टी. स्टँडवर काळी पेटी घेऊन उभा असतो. वय चाळिशीच्या आतबाहेर. मुले शाळेत. घराचे बांधकाम अर्धे. पलटणीत त्याला हवालदारसाहेब म्हणत. गावात काही लोक अजूनही त्याला त्याच्या जातीच्या नावाने ओळखतात. गणवेशाने दिलेली बरोबरी गणवेशाबरोबर पेटीत बंद होते की काय, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. हाच आजच्या विषयाचा खरा गाभा आहे.

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत आपले पूर्वज लढले. पण १८९० च्या दशकाच्या आरंभी इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ साली ती मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, तेव्हा कुठे हे दार पुन्हा नीट उघडले. म्हणजे निशाणाखालून घरी पाठविले जाणे, आणि तेही आपली इच्छा नसताना, हे आपण पिढ्यान् पिढ्या अनुभवलेले आहे.

मग घरी आलेल्या त्या सैनिकांनी काय केले? विद्यार्थी मित्रांनी हे लक्षपूर्वक ऐकावे. कोकणात दापोली हे पेन्शनरांचे ठिकाण होते. तेथे १८८६ साली लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर राहत. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली. अनार्य दोष परिहारक मंडळीही त्यांनीच स्थापन केली. लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ साली अर्जाचा मसुदा केला. आपल्या मुलांना सरकारी पैशाने चाललेल्या शाळेत बसू द्यावे म्हणून दापोलीच्या पेन्शनरांनी अर्ज केले. पुण्यास शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून लष्कर व पोलिसांत प्रवेश मागितला. अर्ज कसा लिहावा, कोणाच्या नावे लिहावा, दाद कशी मागावी, हे लष्कराच्या संगतीने आपल्या लोकांत आले होते. लष्करी शाळेत मिळालेली चार अक्षरे हीच आपल्या चळवळीची पहिली शिदोरी.

आणि सुभेदार रामजी सकपाळ! ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत सुभेदार निवृत्त होऊन कुटुंबासह दापोलीस, पुढे साताऱ्यास आले. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून त्यांनी मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसविले. पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकीचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आल्यावर तो सोडवून आणीत. त्या पेन्शनीचे पुढे काय झाले हे आम्ही सांगावयास नको; देशाची राज्यघटना ते सांगते. घरी आलेला सैनिक शिल्लक राहिलेला माणूस नसतो, समाजाचे राखीव दल असतो, ही गोष्ट रामजीबाबांनी आपल्या जगण्याने दाखवून दिली.

येथे धम्माकडेही वळले पाहिजे. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. मगधाच्या सीमेवर बंडाळी झाली. राजा बिंबिसाराने सेना पाठविण्याचे ठरविले. काही योद्ध्यांना वाटले, युद्धात जाऊन आपल्या हातून पाप घडेल. म्हणून त्यांनी भिक्खूंकडे जाऊन प्रव्रज्या घेतली. राजाने ही गोष्ट भगवंतांच्या कानी घातली, तेव्हा राजसेवेत असलेल्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम भगवंतांनी केला. आम्ही यातून असा बोध घेतो की एका कर्तव्यातून रीतसर मोकळे झाल्याशिवाय दुसऱ्यात पाऊल टाकू नये. आणि त्याचा दुसरा अर्थ असा की रीतसर मोकळा झालेला माणूस नव्या कर्तव्याला पूर्ण पात्र आहे.

'रीतसर' या शब्दावर आमचा भर आहे, कारण आपली माणसे येथेच मार खातात. नौदलाचे उदाहरण घ्या. खलाशांची भरती दहा वर्षे प्रत्यक्ष नोकरी आणि दहा वर्षे फ्लीट रिझर्व्ह अशी होत असे. ३ जुलै १९७६ पासून रिझर्व्हमध्ये घेणे बंद झाले. ज्यांना त्यामुळे रिझर्व्हमध्ये घेतलेच नाही त्यांच्या पेन्शनीचा वाद चाळीस वर्षे चालला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की त्यांना रिझर्व्हिस्ट पेन्शन नाही, पण विशेष पेन्शन मिळावी. निकाल येईपर्यंत तरुण खलाशी म्हातारे झाले होते. एका शेऱ्याचे मोल इतके असते.

म्हणून जे बांधव पेन्शनवर येणार आहेत त्यांना आमची विनंती आहे. पलटण सोडण्यापूर्वी लग्नाची आणि प्रत्येक अपत्याची पार्ट टू ऑर्डर निघाली आहे ना, ते पाहा. पी.पी.ओ. वर पत्नीचे नाव व जन्मतारीख बरोबर आहे ना, ते पाहा. तुमच्या पश्चात कुटुंब पेन्शनसाठी त्या माऊलीला रेकॉर्ड ऑफिसचे उंबरे झिजवावे लागतात ते याच चुकांपायी. डिस्चार्ज बुक प्राणाप्रमाणे जपा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि डिस्चार्ज बुकात दुसरे, असे असेल तर नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्या. धर्माच्या रकान्यातली तफावतही तपासा. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या आहेत. त्यांसाठी जातीचा दाखला नीट हवा. गावी येताच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. राज्य शासनाच्या गट क व गट ड च्या पदांत माजी सैनिकांसाठी पंधरा टक्के जागा आहेत. पेन्शनरांच्या औषधपाण्यासाठी २००३ पासून ई.सी.एच.एस. योजना आहे. हे हक्क आहेत, कोणाची मेहेरबानी नव्हे.

आता एक नवी गोष्ट. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. शिपायाची भरती आता चार वर्षांची. त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम केले जाईल. बाकीचे सुमारे अकरा लाख एकाहत्तर हजार रुपयांचा सेवा निधी घेऊन घरी येतील. पेन्शन नाही. योजना चांगली की वाईट, यावर सभागृहात आणि बाहेरही पुष्कळ बोलले गेले आहे. आम्ही वेगळा प्रश्न विचारतो. आपल्या वस्तीतला मुलगा एकविसाव्या, बाविसाव्या वर्षी शस्त्र चालवून, शिस्त शिकून, लाखो रुपये हाती घेऊन घरी येईल, तेव्हा त्याला घ्यायला स्टँडवर कोण जाणार? जमिनीचा दलाल, चिटफंडवाला आणि दारूचा गुत्तेवाला तर नक्की जातील. आपण जाणार की नाही?

जुन्या जवानाला पलटण निदान रिझर्व्हच्या यादीत तरी ठेवीत होती. तुझे नाव आम्ही विसरलेलो नाही, एवढा त्या यादीचा अर्थ होता. या मुलांची यादी आपल्या विहारात असली पाहिजे. म्हणून आम्ही संस्थेपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, विहारात एक वही ठेवावी आणि तीत वस्तीतील प्रत्येक सैनिकाचे, अग्निवीराचे नाव, शिक्षण व घरी येण्याचे वर्ष लिहावे. दुसरी, आम्ही माजी सैनिकांनी रविवारी दोन तास विहारात बसून अर्ज, पेन्शन व दाखल्यांचे काम विनामोबदला पाहावे. तिसरी, चार वर्षांत ज्याचे शिक्षण सुटले त्याची पदवी पुरी करून घेण्याची जबाबदारी आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी घ्यावी. त्याने तुम्हांला मैदानावर पळवावे, तुम्ही त्याला पुस्तकात पळवावे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही 'राखीव' हा शब्द ऐकता तो राखीव जागेच्या संदर्भात. फौजेत राखीव दल म्हणजे अटीतटीच्या वेळी ज्याच्यावर भिस्त ठेवायची ते दल. राखीव जागेवरून जो शिकला, नोकरीस लागला, तो समाजाचे असे राखीव दल झाला तरच बाबासाहेबांच्या कष्टाचे चीज होईल. हाक आल्यावर हजर होणे, हाच रिझर्व्हिस्टचा धर्म.

आमच्यापैकी कित्येकांची रिझर्व्हची मुदत केव्हाच संपली. सरकारी यादीतून आमची नावे गेली. संस्थेच्या वहीत ती आजच लिहून घ्यावीत, एवढी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!