पुलापलीकडची तीन घरं



आमचं मांडवगण फराटा शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. नदी ओलांडली की दौंड. रान उसाचं, आणि बरंचसं गाव मळ्यात, वस्त्यांवर राहणारं. मागच्या थंडीत पुतण्याबरोबर रात्री दारं धरायला गेलो होतो. लाईट रात्रीची, उसात बिबट्या; एकट्यानं जायची सोय नाही. सरी भरेपर्यंत तो घोंगडी पांघरून बांधावर बसला आणि मोबाईल बघू लागला. पडद्यावर घराएवढा लोखंडी राक्षस तलवार उगारून उभा. मी विचारलं, हे काय रे? म्हणाला, "तात्या, हे लुटारू. गावचा तांदूळ न्यायला आलेत. आणि सात जण गावाच्या बाजूनं लढणारेत."

सात जण म्हटल्यावर मी बॅटरी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी टेकलो. ही गोष्ट माझ्या ओळखीची होती.

मालिकेचं नाव 'सामुराई सेव्हन'. जपानच्या गोंझो स्टुडिओनं २००४ साली काढलेली, २६ भागांची. तिचं मूळ अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ सालच्या 'सेव्हन सामुराई' या सिनेमात आहे. तो मी कॉलेजात असताना पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये पाहिला. जवळजवळ साडेतीन तासांचा, कृष्णधवल. पीक हाताशी आलं की लुटारू येणार, हे एका गावाला आधीच कळतं. मग गावातले चार जण शहरात जाऊन लढवय्ये, म्हणजे सामुराई, शोधू लागतात. द्यायला पैसा नाही. देणार काय, तर पोटभर भात. आणि तो भात दुसऱ्याच्या ताटात वाढणारे स्वतः काय खातात? आपल्या भगरीच्या कुळातलं हलकं धान्य. या लढवय्यांचा म्होरक्या कांबेई, त्याला हे कळतं तेव्हा तो भाताचा वाडगा हातात घेतो आणि हा भात मी वाया जाऊ देणार नाही, एवढं बोलून काम अंगावर घेतो. मी बाजरीच्या भाकरीवर वाढलो. आमच्याकडे तेव्हा भात सणावाराला आणि पाहुण्याला व्हायचा. त्या वाडग्यापाशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

सात म्हटलं की आपल्याला नेसरीची लढाई आठवते. २४ फेब्रुवारी १६७४. प्रतापराव गुजर आणि त्यांच्याबरोबरचे सहा जण बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, परत आले नाहीत. शिवाजी महाराजांचा शब्द त्यांच्या जिव्हारी लागला होता. कुरोसावांचे सात जण कुणाच्या शब्दासाठी जात नाहीत. त्यांना धनी नाही, वतन नाही. ज्या शेतकऱ्यांची नावंही कालपर्यंत माहीत नव्हती, त्यांच्या धान्यासाठी ते उभे राहतात. दोन्ही सातांना मी सारखाच मुजरा करतो.

आता मालिकेकडे येतो. ती भविष्यकाळातली आहे. मोठं युद्ध संपलेलं आहे. त्या युद्धात सामुराईंनी आपली शरीरं यंत्रांना जोडून घेतली, आणि युद्ध सरल्यावर तेच लोखंडी देह खेड्यांवर तुटून पडले. म्हणजे लुटारू हे कालचे शिपाईच. शहरांत सत्ता व्यापाऱ्यांची. लुटलेल्या तांदळाचा माग काढत गेलं, तर तो त्यांच्यापर्यंत आणि थेट राजधानीपर्यंत पोचतो. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. पिकवणाऱ्याच्या दारात घोड्यावरून येणारा तेवढाच चोर नसतो, हे कांदा विकून आलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बाकी मालिकेतल्या उडत्या जहाजांच्या लढाया लांबल्या आहेत. कुरोसावांच्या पावसातल्या, चिखलातल्या शेवटच्या लढाईची सर त्यांना नाही.

पण मला आज सांगायचं आहे ते पुलापलीकडच्या तीन घरांविषयी.

सिनेमात कांबेई गावाचा नकाशा काढतो. कुठे कुंपण घालायचं, कुठे शेतात पाणी सोडायचं, कुठून शत्रूला एकेक करून आत घ्यायचं, सगळं ठरवतो. वीस घरं वाचतील, पण ओढ्यावरच्या पुलापलीकडची तीन घरं राखता येणार नाहीत, ती सोडावी लागतील. त्या घरांचे मालक भाले टाकून निघतात. आपापलं बघू म्हणतात. कांबेई तलवार उपसून त्यांना परत रांगेत आणतो; दुसऱ्याला राखलं तरच आपण राहू, असं बजावतो. त्याचं बरोबर आहे. तरीही लुटारू ती घरं पेटवतातच. पाण्यातल्या जळत्या चक्कीपाशी एक आई मरता मरता आपलं मूल किकुचियोच्या हातात देते. हा किकुचियो सामुराई म्हणून मिरवणारा, पण जन्मानं शेतकऱ्याचा पोर. मूल छातीशी धरून तो पाण्यातच बसतो आणि हंबरडा फोडतो, की हा मीच आहे, माझंही असंच झालं होतं. मालिकेत हाच किकुचियो लोखंडी देहाचा आहे. मूळ मात्र शेतकऱ्याचंच.

अशी पलीकडची घरं आमच्याकडेही आहेत. आमच्या भागात चोर डीपी फोडून आतलं तांबं नेतात, नदीवरच्या मोटारींच्या केबली कापतात. पंधरा-पंधरा दिवस पाणी बंद राहतं, उभा ऊस वाळतो. आणि हे घडतं ते कडेच्या रानात, जिथून हाक मारली तर गावात ऐकू जात नाही. बिबट्याही आधी तिथेच येतो. आमच्याकडे गस्तीची यादी लागली की देवळापासून सुरू होते आणि पेठेत संपते. शेवटच्या वस्तीवरची म्हातारी माणसं कंदील लावून जागी असतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्या रात्री सिनेमाची ही गोष्ट सांगता सांगता सरी भरली, दारं बदलली, आणि पुतण्यानं विचारलं, "तात्या, ती तीन घरं त्यांना वाचवता आली नसती का?" मला उत्तर देता आलं नाही.

श्रोतेहो, मालिका मुलांना बघू द्या, आणि एका रविवारी त्यांच्याबरोबर बसून मूळ सिनेमाही बघा. आणि तुमच्या गावात यंदा गस्तीच्या पाळ्या लागतील, तेव्हा यादी शेवटच्या वस्तीपासून सुरू करा.