तानसेकाठची ऊन कुंडे

वसईचा किल्ला सर व्हावा म्हणून चिमाजी अप्पांनी जिला नवस केल्याचे परंपरा सांगते, आणि १७३९ च्या विजयानंतर जिचे देवालय उभे राहिले, त्या वज्रेश्वरीच्या परिसरात, अकलोली व गणेशपुरी येथे, तानसा नदीच्या काठी ऊन पाण्याची जी कुंडे आहेत, ती वसई-विरारच्या यात्रेकरूंना सुपरिचित आहेत. खाली ज्वालामुखी धुमसत असावा, हा लोकसमज मात्र निराधार होय. कारण आपला काळा पाषाण ज्या लाव्हारसापासून घडला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला.

खरा खुलासा असा, की काही अंशी पृथ्वीच्या जन्मकाळापासून उरलेली, आणि काही अंशी युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून उपजणारी उष्णता भूकवचातून वहनाने, म्हणजे कणाकडून कणाकडे, फार मंदपणे वर येते, आणि म्हणून दर किलोमीटर खोलीस तापमान साधारणतः २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी भेगांवाटे खोलवर झिरपते, तापून हलके होते आणि वाट मिळताच वर उसळते. यालाच अभिसरण म्हणतात. त्याहून कितीतरी खाली, भूकवचाखालच्या प्रावरणातला खडक घन असूनही हीच क्रिया वर्षाला काही सेंटिमीटर अशा संथ गतीने करतो, आणि भूखंडे सरकतात ती त्यामुळेच!

सातिवलीपासून राजापूरपर्यंत कोकणात अशी कुंडे अनेक आहेत. काहींचे पाणी ५० अंशांच्या आसपास असते. तेव्हा स्नानास उतरण्यापूर्वी हाताने पाणी अजमावून पाहावे, हे बरे.